आधी उत्तर द्या, शिस्त मग शिकवा: ओपन सोर्स आणि नवख्याचा प्रश्न



अमरावतीच्या कापड बाजारात लग्नाचा बस्ता घ्यायला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. गादीवर बसलं की आधी पाणी येतं, मग चहा येतो, आणि मग दुकानदार एकामागून एक साड्या उलगडत जातो. काकू विचारतात, "हे सिल्क खरं आहे का हो?" हा प्रश्न त्याने सकाळपासून वीस वेळा ऐकलेला असतो. तरी तो असं म्हणत नाही की आधी सिल्कचा अभ्यास करून या, मग विचारा. तो पदर हातात देतो, वीण दाखवतो आणि एकविसाव्या वेळी तेच समजावून सांगतो. कारण प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे अर्धा झालेला ग्राहक, हे त्याला बापजाद्यांपासून माहीत आहे.

आता तुमच्या-माझ्या धंद्यातल्या सॉफ्टवेअरकडे येऊ. वेबसाइटसाठी वर्डप्रेस, ऑनलाइन विक्रीसाठी वूकॉमर्स, हिशेबाच्या शीटसाठी लिबरऑफिस, बॅनर आणि लेबलच्या डिझाइनसाठी इंकस्केप आणि गिंप, व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी ओबीएस, स्टॉक आणि बिलिंगसाठी ईआरपीनेक्स्ट. ही सगळी ओपन सोर्स मंडळी. म्हणजे यांचा कोड सगळ्यांसाठी खुला, उतरवून घ्यायला पैसे नाहीत, आणि अडलं तर मदत करायला जगभरचे वापरकर्ते आणि स्वयंसेवक. आपल्या चॅनलवर मी हीच सॉफ्टवेअर वापरा असं कायम सांगतो. ते आजही सांगतो.

पण या जगात एक गोष्ट मला खटकते आणि आज तिच्यावर स्पष्ट बोलणार आहे. नवीन माणूस भीत भीत पहिला प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला अनेकदा उत्तराऐवजी शिस्तीचा धडा मिळतो. "गुगल कर." "आधी मॅन्युअल वाच." "हा प्रश्न शंभरदा झाला." "व्हर्जन सांगितलं नाहीस, मग उत्तर कसं देणार?" यातलं एखादं वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असतं. पण समोरचा माणूस ते वाचून गप्प बसतो आणि परत येत नाही.

माझं म्हणणं एका ओळीत: आधी उत्तर द्या, शिस्त मग शिकवा. हा क्रम उलटा केला की ओपन सोर्स फक्त जाणकारांचं राहतं. आणि त्याचा सगळ्यात मोठा तोटा पुण्या-बेंगळुरूच्या इंजिनियरला होत नाही, तो अमरावती-अकोल्याच्या छोट्या धंदेवाल्याला होतो.

फुकट म्हणजे नेमकं काय फुकट?

बघा, आपण "फुकट सॉफ्टवेअर" म्हणतो तेव्हा एक हिशेब विसरतो. पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतलं की त्याच्याबरोबर फोन करायला एक माणूसही विकत घेतलेला असतो. वऱ्हाडात टॅली इतकं का चालतं? त्यात काय काय सोयी आहेत हे एक कारण झालंच. पण माझ्या मते मोठं कारण हे की टॅली येणारा माणूस प्रत्येक चौकात सापडतो. कॉम्प्युटर क्लासवाला आहे, सीएच्या ऑफिसातला मुलगा आहे, शेजारच्या दुकानातला मुनीम आहे. अडलं की "भाऊ, जरा पाहा ना" म्हटलं की काम झालं. म्हणजे लोक सॉफ्टवेअरबरोबर विचारायची जागाही घेतात.

ओपन सोर्सचा परवाना तुम्हाला वापरायचं, बदलायचं, वाटायचं स्वातंत्र्य देतो. मात्र वर्डप्रेस ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्यातच साफ लिहिलेलं असतं की या सॉफ्टवेअरची कुठलीही हमी नाही. म्हणजे कोड मिळाला, पण अडल्यावर कोणी उत्तर देईलच असं बंधन कोणावर नाही. ती जागा भरून निघते ती फक्त माणसांच्या चांगुलपणाने. कोणीतरी दिवसभराची नोकरी करून रात्री बसतो आणि अनोळखी माणसाची अडचण सोडवतो. ओपन सोर्सची खरी किंमत ही आहे, आणि ती पैशात मोजली जात नाही इतकंच.

म्हणून नवख्याच्या प्रश्नाला मिळणारं उत्तर म्हणजे वरकड सौजन्य समजू नका. ते उत्तर त्या मालाचाच भाग आहे. उत्तर मिळालं नाही, तर छोट्या धंद्यासाठी ते सॉफ्टवेअर अर्धवट पोचलं असं समजा.

चांगला प्रश्न विचारता येणं ही नंतरची पायरी आहे

आता दुसरी बाजू पाहू. प्रश्न नीट विचारावा हे कोणालाही मान्य होईल. एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ मध्ये प्रश्न हुशारीने कसे विचारावेत यावर एक मार्गदर्शक लिहिलं. ते जगभर वाचलं गेलं आणि त्यातला बराच सल्ला आजही कामाचा आहे: आधी स्वतः शोधा, नेमकं काय केलं ते सांगा, एरर जशीच्या तशी द्या. माझी तक्रार सल्ल्याबद्दल नाही. तो सल्ला दारावरच्या वॉचमनसारखा वापरला जातो, त्याबद्दल आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दर्यापूरचा एक प्रिंटिंगवाला भाऊ पहिल्यांदा लिबरऑफिस टाकतो. जुनी लग्नपत्रिकेची फाइल उघडतो. तो विचारतो, "भाऊ, माह्या फाइलीत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं काहून येऊन रायली? सॉफ्टवेअर खराब आहे का?"

जाणकाराला या प्रश्नात दहा चुका दिसतील. व्हर्जन नाही, फॉन्टचं नाव नाही, स्क्रीनशॉट नाही, वर सॉफ्टवेअरलाच दोष. पण उत्तर काय आहे? कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत बहुतेक वेळा आत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत इंग्रजी अक्षरं किंवा चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा सदरा घालतो. नवीन कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सदरा निघतो आणि आतली अक्षरं दिसतात. उपाय दोन: तात्पुरता म्हणजे तोच फॉन्ट बसवणे, आणि कायमचा म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे.

आता मला सांगा, त्या भावाने "फॉन्टचं एन्कोडिंग" हा शब्द गुगलमध्ये कुठून टाकावा? तो शब्द माहीत असता, तर अर्धं उत्तर त्याच्याकडेच असतं. काय शोधायचं हेच माहीत नाही, म्हणून तर तो माणसाकडे आला. नीट प्रश्न विचारण्यासाठी जे ज्ञान लागतं, ते त्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरच येतं. शाळेत प्रवेश देण्याआधी दहावीची मार्कशीट मागितल्यासारखं हे आहे.

वर्डप्रेसचंच घ्या. "माझ्या वेबसाइटवर प्लगइन टाकायचं बटणच दिसत नाही" असा प्रश्न नवखे लोक विचारतात. कारण अनेकदा हे की वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. एक आहे होस्टिंगसकट मिळणारी सेवा, तिच्यात काय करता येईल ते तुमच्या प्लॅनवर ठरतं. दुसरं आहे आपल्या स्वतःच्या होस्टिंगवर बसवायचं सॉफ्टवेअर. नाव एक, वस्तू दोन. यात गोंधळ होणाऱ्याला मूर्ख म्हणायचं, की नावाच्या पाटीकडे पुन्हा पाहायचं?

लिनक्सच्या सुरुवातीलाही एक प्रश्नच होता

हे ऐकून कोणी म्हणेल की साहेब, ओपन सोर्स ही मोठ्या लोकांची जागा आहे, तिथे बालवाडी कशाला? तर इतिहास ऐका.

३ जुलै १९९१. फिनलंडमधला २१ वर्षांचा एक विद्यार्थी मिनिक्स वापरणाऱ्यांच्या समूहात विचारतो की पॉसिक्स या मानकाचा दस्तऐवज कुठे मिळेल, शक्यतो कॉम्प्युटरवर वाचता येईल असा. साधा "कुठे मिळेल" प्रकारचा प्रश्न. विचारणाऱ्याचं नाव लिनस टोरव्हाल्ड्स. तो प्रश्न हेलसिंकी तंत्र विद्यापीठातल्या आरी लेमके यांनी वाचला. हा पोरगा काहीतरी बनवतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आपल्या सर्व्हरवर त्याला जागा देऊ केली. लिनसला आपल्या कामाला "फ्रीॲक्स" असं नाव द्यायचं होतं. लेमके यांनी फोल्डरला "लिनक्स" नाव दिलं आणि तेच टिकलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स चालतं.

समजा त्या दिवशी कोणी "आधी लायब्ररीत शोध" म्हणून विषय संपवला असता तर? कदाचित लिनस तरीही थांबला नसता. पण आपल्यातला प्रत्येक जण लिनसइतका जिद्दी नसतो, आणि धंदा उभा करायला तसं असण्याची अटही नसावी.

आणि पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा. हाच लिनस पुढे अनेक वर्षं आपल्या तिखट, अपमानास्पद ईमेलसाठी ओळखला गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने त्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, कामातून काही आठवडे सुट्टी घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलच्या प्रकल्पाने वागणुकीची नवी नियमावली स्वीकारली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नोत्तर स्थळानेही उघडपणे मान्य केलं की आमच्याकडे नव्या लोकांचं स्वागत होत नाही आणि हे बदलायला हवं.

हाकललेल्या माणसाचा आकडा दिसत नाही

धंद्यात आपण काय शिकतो? तक्रार करणारा ग्राहक दिसतो, न बोलता निघून गेलेला दिसत नाही. इथेही तसंच.

विकिपीडियाच्या बाबतीत मात्र हा आकडा काही प्रमाणात दिसला. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, पुढे ती उतरत गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक महत्त्वाचं कारण निघालं: दर्जा राखण्यासाठी बनवलेले कडक नियम आणि आपोआप चालणारी साधनं नव्या माणसाचं पहिलंच काम पुसून टाकत होती, आणि चांगल्या मनाने आलेले लोकही निघून जात होते. हेतू वाईट नव्हता बरं का. दर्जा टिकवायचाच होता. पण गाळणीची जाळी इतकी बारीक केली की बियाणंही गाळलं गेलं.

त्यावर एक उपाय म्हणून तिथे २०१२ मध्ये "टीहाउस" सुरू झालं. नावातच चहाचं दुकान! नव्या माणसाने यावं, वाट्टेल तो साधा प्रश्न विचारावा, आणि यजमान मंडळींनी प्रेमाने उत्तर द्यावं. आपल्या मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ ची, आणि तिथल्या चर्चेच्या जागेचं नाव आहे "चावडी". किती आपलं नाव आहे! चावडीवर येऊन बोलायला गावकऱ्याला परीक्षा द्यावी लागत नाही.

वर्डप्रेसवाल्यांच्या मेळाव्यांना वर्डकॅम्प म्हणतात. आपल्या नागपुरातही झालेले आहेत. तिथे बऱ्याचदा एक टेबल असतं, "हॅपीनेस बार". कोणीही लॅपटॉप घेऊन बसावं आणि अडलेलं विचारावं. मुद्दाम वेगळं टेबल, मुद्दाम ठेवलेली माणसं. स्वागत आपोआप होत नाही, त्याची सोय करावी लागते, हे त्यांनी ओळखलं.

आपल्या वऱ्हाडात ही रीत नवीन नाही

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. तिथली शिवार फेरी तुम्हाला माहीत असेल. शेतकरी प्रात्यक्षिकाच्या प्लॉटमधून फिरतात, पिकासमोर उभे राहतात आणि शास्त्रज्ञांना थेट विचारतात. "हे वाण कोरडवाहूत चालीन का?" "बोंडअळीचं काय करू?" तिथे कोणी शेतकऱ्याला कीटकाचं शास्त्रीय नाव विचारत नाही. शेतकऱ्याने फक्त "पानं वाकडी होऊन रायली" इतकं सांगितलं, तरी पुढचे चार प्रश्न विचारणं हे जाणकाराचं काम असतं: कधीपासून, किती झाडांना, काय फवारलं, पाणी कधी दिलं. नेमकेपणा आणायची जबाबदारी ज्याला जास्त माहिती आहे त्याची.

आणि गाडगेबाबा! आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तनात ते मोठं प्रवचन झोडत नसत. समोर बसलेल्या लोकांनाच साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. ज्याला अक्षर येत नाही, तोही त्या कीर्तनात बोलता होत असे. शिकवण्याची इतकी मोठी परंपरा आपल्या मातीत असताना आपण कॉम्प्युटरसमोर बसलो की "मॅन्युअल वाच" म्हणणारे का होतो?

इथे भाषेचाही मुद्दा आहे. आपल्याकडच्या नवख्याला दोन भीती असतात. एक तंत्रज्ञानाची, दुसरी इंग्रजीची. मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला की लोक प्रश्न सोडून व्याकरणाला हसतात. मराठीत टाकला की "इंग्लिश प्लीज" येतं. जागतिक समूहाची भाषा इंग्रजी आहे हे मान्य, पण मग मधला दुवा कोण होणार? ज्याला दोन्ही भाषा येतात त्याने तो प्रश्न पलीकडे न्यावा आणि उत्तर अलीकडे आणावं. अकोल्याच्या डाळ मिलवाल्या भावाला ईआरपीनेक्स्टमध्ये तुरीच्या पोत्यांचा स्टॉक किलोत दिसावा की क्विंटलमध्ये, एवढंच समजून घ्यायचं असतं. हे मराठीत पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यासाठी त्याने हात टेकून पुन्हा वहीकडे जावं का?

आणि लक्षात घ्या, ईआरपीनेक्स्ट परदेशातून आलेलं नाही, ते मुंबईत जन्मलं. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा होता, तिथे हे काम बसवण्याच्या खटाटोपातून त्याचं बीज पडलं. म्हणजे छोट्या धंद्याच्या अडचणीतूनच ते आलं. तशाच छोट्या धंद्याच्या अडचणीला तिथे उत्तर मिळायला हवं, ही मागणी काही जास्त नाही.

"पण उत्तर देणाऱ्याने मरायचं का?"

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर देणारे थकतात. तोच प्रश्न रोज येतो. काही लोक "अर्जंट, लवकर सांगा" असं मालकासारखं बोलतात. काही जण उत्तर मिळाल्यावर साधं "जमलं" असंही सांगत नाहीत. स्वयंसेवकाची रात्र त्याच्या घरच्यांची असते, ती आपण विकत घेतलेली नाही. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं असं मी म्हणत नाही. कंटाळा आला असेल तर खुशाल गप्प बसा. गप्प बसल्याने दुसऱ्याला उत्तर द्यायला जागा राहते. टोमणा मारल्यावर मात्र बाकीचेही सरकतात आणि विचारणारा पळतो.

आणि रोजचा तोच प्रश्न ही तक्रार उलटी करून पाहा. पन्नास लोक एकाच दगडाला ठेचकाळत असतील, तर दगड वाटेत आहे. तो नवखाच दाखवू शकतो. जुना माणूस रोज त्याला वळसा घालून जातो, त्याला तो दिसेनासा झालेला असतो. चांगलं उत्तर एकदा नीट लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येकाला ते द्या, पण सोबत एक ओळ आपुलकीची जोडा: "हे बऱ्याच जणांना अडतं, इथे पायऱ्या दिल्या आहेत, जमलं नाही तर सांगा." त्याच दुव्याबरोबर "शोधता येत नाही का?" असंही लिहिता येतं. मेहनत सारखीच. परिणाम मात्र दोन टोकांचे.

कोणी म्हणेल, आता एआय आलंय, त्याला विचारलं की तो चिडत नाही. खरं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर नवे प्रश्न झपाट्याने कमी झाले. सौजन्याची किंमत बाजाराने दाखवून दिली म्हणा ना! तुम्हीही एआय जरूर वापरा. पण तिथलं उत्तर तुमच्या फोनमध्ये राहतं. ते चुकलं तर दुरुस्त करायला चौथा माणूस नसतो. पुढच्या महिन्यात मूर्तिजापूरच्या ताईला तेच अडलं तर तिला तुमची वाट दिसत नाही. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही कळत नाही की दगड कुठे आहे.

यात धंदा आहे, हे विसरू नका

तुम्ही उद्योजक आहात, म्हणून शेवटी पैशाचंही बोलतो. रेड हॅट नावाची कंपनी लिनक्सवर उभी राहिली. कोड खुला होता. पैसे होते ते सेवा, भरवसा आणि अडल्यावर मिळणाऱ्या मदतीचे. आयबीएमने २०१९ मध्ये ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. म्हणजे उत्तर देण्याला बाजारभाव आहे, आणि तो बराच वरचा आहे.

आता आपल्या पातळीवर विचार करा. अमरावतीत, अकोल्यात असा कोण आहे जो वऱ्हाडीत, न चिडता, वूकॉमर्स किंवा ईआरपीनेक्स्ट समजावून सांगेल? जो माणूस समूहात वर्षभर नवख्यांना मोफत, नीट उत्तरं देतो, त्याचं नाव लोकांच्या तोंडी बसतं. उद्या कोणाला दुकानाची पूर्ण वेबसाइट बनवायची असेल, स्टॉकचं पूर्ण काम लावायचं असेल, तर तो कोणाला फोन करेल? ज्याने टोमणा मारला त्याला तर नाही. पहिलं उत्तर मोफत, पूर्ण काम पैशाने, हा सरळ आणि स्वच्छ धंदा आहे. त्यासाठी लागणारं भांडवल म्हणजे धीर.

मग या आठवड्यात काय करायचं?

तुम्ही नवीन असाल तर लाजू नका, विचारा. जमेल तेवढ्या चार गोष्टी द्या: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, आणि स्क्रीनचा फोटो. फोटोत पासवर्ड, ग्राहकाचा नंबर, बँकेचा तपशील दिसत नाही ना, हे आधी बघा. इंग्रजी जमत नसेल तर साध्या मराठीत लिहा. आणि काम झालं की परत येऊन सांगा, "या उपायाने जमलं." ती एक ओळ म्हणजे तुमची फी. पुढच्या माणसाला तीच उपयोगी पडते.

तुम्हाला थोडंफार येत असेल तर तुम्ही नवख्याच्या सगळ्यात जवळचे आहात. तज्ज्ञ विसरलेला असतो, तुम्हाला आठवतं की कुठे अडलं होतं. नियम एकच ठेवा: ज्या एका प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मिळालं, त्याच्या बदल्यात एका नव्या माणसाला उत्तर द्या. आधी अडचण सोडवा. मग हळूच सांगा, "पुढच्या वेळी व्हर्जनही लिहा दादा, म्हणजे लवकर सांगता येईल." हा धडा तेव्हा पचतो, कारण त्याआधी हातात काहीतरी पडलेलं असतं.

आणि तुमच्याकडे क्लास, सायबर कॅफे, प्रिंटिंगचं दुकान किंवा एक रिकामं टेबल असेल, तर आठवड्यातून एक तास ठरवा. शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा. दारावर एक कागद लावा: "लिबरऑफिस, वर्डप्रेस, मराठी फॉन्ट. काहीही विचारा." पहिल्या शनिवारी कदाचित कोणी येणार नाही. दुसऱ्या शनिवारी एक जण येईल आणि दारातूनच म्हणेल, "सर, प्रश्न जरा साधाच आहे, विचारू का?"

त्याला खुर्ची द्या. आणि काम झाल्यावर पुढच्या शनिवारी त्यालाच तुमच्या शेजारी बसवा, उत्तर द्यायला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय महाराष्ट्र!